दिसणारी झीज आणि लपलेला दोष : जुनी पिकअप विकण्याआधी काय दुरुस्त करावे, या प्रश्नाचा दोन हजार वर्षांचा इतिहास

१/
नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या रस्त्यांवर कांद्याच्या गोण्या, दुधाचे कॅन, डाळिंबाचे क्रेट आणि मंडपाचे बांबू वाहणारी पिकअप दहाएक वर्षांनी विक्रीला निघते. तेव्हा मालकापुढे एक प्रश्न उभा राहतो : विकण्याआधी काय दुरुस्त करावे आणि काय तसेच राहू द्यावे? हौद्याचा गंजलेला पत्रा, घासलेले टायर, उडालेला रंग, उशिरा लागणारा ब्रेक. पदरचा पैसा घालायचा तर कशात?

प्रश्न गॅरेजमधला वाटतो. परंतु घोडे, बैल आणि जुनी वस्त्रे विकणाऱ्यांनाही तो पडलेला होता आणि त्यांचे तंटे सोडवणाऱ्या न्यायाधीशांनाही. त्या शोधाचा हा सविस्तर धागा.

२/
आधी यात पणाला काय लागते ते पाहू. लहान वाहतूकदाराची पिकअप ही बहुधा त्याची एकमेव मोठी मालमत्ता असते. तिच्या विक्रीतून येणाऱ्या रकमेवर पुढच्या गाडीचे डाउन पेमेंट ठरते. समोर घेणारा असतो तो अनेकदा पहिलीच गाडी घेणारा तरुण. महिन्याभरात इंजिन बसले तर गाडी दारात उभी राहते, हप्ता मात्र चालूच राहतो. आणि करंजी घाटात किंवा चंदनापुरी घाटात ब्रेक लागला नाही तर गोष्ट पैशांपुरती उरत नाही.

या व्यवहाराची खरी अडचण एकच आहे. विकणाऱ्याला गाडीचा सगळा भूतकाळ ठाऊक असतो. घेणाऱ्याला फक्त तिचा आजचा चेहरा दिसतो.

३/
ही अडचण कौटिलीय अर्थशास्त्राने स्पष्ट ओळखलेली आहे. खरेदी-विक्री रद्द करण्याविषयीच्या प्रकरणात माल विकूनही तो न देणाऱ्या व्यापाऱ्याला बारा पणांचा दंड सांगितला आहे. मात्र मालातच दोष असेल तर हा दंड लागू होत नाही. रोगी जनावर निरोगी म्हणून सांगणाऱ्यालाही बारा पणांचा दंड आहे. चतुष्पाद प्राण्यांच्या बाबतीत सौदा फिरवण्याची मुदत तीन पंधरवडे ठेवली आहे.

मुदतीमागचे कारणही तिथेच येते : जनावराची खरी स्थिती काही काळ गेल्यावरच कळते. बाजारात उभा असलेला बैल आणि औताला जुंपलेला बैल यांच्यात फरक असू शकतो, हे त्या नियमाचे गृहीतक आहे.

४/
पुढच्या काळातील याज्ञवल्क्य आणि नारद या स्मृतींनी ही मुदत वस्तूनुसार वाटून दिली. लोखंडाची परीक्षा एक दिवसात करावी, दुभत्या जनावराची तीन दिवसांत, ओझे वाहणाऱ्या जनावराची पाच दिवसांत, रत्नांची सात दिवसांत आणि बियाण्याची दहा दिवसांत.

या यादीत एक पद्धत आहे. दोष उघडा पडायला जितका वेळ लागतो तितकी मुदत. गाय तीन दिवस पिळली की तिचे दूध कळते. वाहतुकीच्या बैलाला पाच दिवस जुंपल्याशिवाय त्याचा दम कळत नाही. बी पेरून उगवल्याशिवाय कळत नाही. पिकअपला पाच मिनिटांची चक्कर मारून सौदा करणाऱ्या आजच्या घेणाऱ्याला हे स्मृतिकार अधीर म्हणाले असते.

याच याद्यांत दास आणि दासी यांच्या परीक्षेच्याही मुदती आहेत, हे नोंदवणे आवश्यक आहे. बाजारात माणसे विकली जात होती आणि कायदा त्यांना मालाच्या रांगेत बसवत होता.

५/
नारदस्मृतीतील दोन नियम आपल्या विषयाच्या मर्मावर बोट ठेवतात.

पहिला : निर्दोष वस्तू दाखवून सदोष वस्तू देणाऱ्याने किमतीच्या दुप्पट रक्कम भरावी आणि तितकाच दंड द्यावा.

दुसरा : वापरून मळलेले, काळवंडलेले जुने वस्त्र कोणी विकत घेतले, तर त्यात दोष असला तरी ते विकणाऱ्याला परत करता येत नाही.

वरवर पाहता दोन्ही नियम परस्परविरोधी वाटतात. एकीकडे दोषाबद्दल जबर शिक्षा, दुसरीकडे दोष असूनही माफी. प्रत्यक्षात दोघांच्या मधून एक स्वच्छ रेषा जाते.

६/
ती रेषा अशी : दिसणारी झीज घेणाऱ्याची, लपलेला दोष विकणाऱ्याचा.

मळलेले वस्त्र आपण मळलेले आहे हे स्वतःच सांगते. घेणाऱ्याने ते पाहिले आणि त्यानुसार किंमत कमी केली. त्याची भरपाई सौद्यातच झाली. लपलेल्या दोषाची किंमत मात्र सौद्यात धरलेलीच नसते. म्हणून तो पुढे येतो तेव्हा भांडण घेऊन येतो.

विकण्याआधी काय दुरुस्त करावे, याचे बीजरूप उत्तर इथेच मिळते. जे उघड दिसते त्यावर खर्च करण्याची फारशी गरज नाही. जे दिसत नाही ते दुरुस्त करावे, नाहीतर सांगावे. पुढचा सगळा इतिहास म्हणजे या रेषेची कधी राखण, तर कधी पायमल्ली.

७/
ही रेषा केवळ भारतात आखली गेली असे नाही. प्राचीन रोममध्ये बाजारावर देखरेख ठेवणारे अधिकारी होते. त्यांच्या फर्मानानुसार गुलाम किंवा ओझ्याची जनावरे विकणाऱ्याने त्यांचे रोग आणि दोष जाहीर करणे बंधनकारक होते. न सांगितलेला दोष निघाला तर सहा महिन्यांच्या आत सौदा रद्द करता येई आणि वर्षाच्या आत किंमत कमी करून घेता येई.

त्यात आणखी एक बारकाईचा नियम होता. विक्रीसाठी जनावराला साज चढवून उभे केले असेल तर ते साजासह द्यावे लागे. भाव वाढवण्यापुरती सजावट दाखवायची आणि सौद्यानंतर काढून घ्यायची, ही युक्ती इतकी प्रचलित असावी की तिच्यासाठी स्वतंत्र नियम करावा लागला. पिकअप दाखवताना चढवलेले नवे टायर देताना बदलणाऱ्यांचे पूर्वज बरेच जुने आहेत.

८/
आता दख्खनमध्ये येऊ. अहमद निजामशाहने १४९० मध्ये स्वतंत्र सत्ता स्थापन केली आणि पुढे काही वर्षांतच अहमदनगर शहर वसवले. या सत्तेचे मुख्य बंदर चौल. अरबस्तान आणि इराणकडून येणाऱ्या घोड्यांचा व्यापार दख्खनच्या सगळ्याच सुलतानांसाठी जीवनमरणाचा होता, कारण लष्कराची ताकद घोडदळावर मोजली जाई. पोर्तुगिजांनी याच घोडेव्यापारावर पकड बसवून गोव्यात जकात गोळा केली.

समुद्रावरून आलेला घोडा महाग असे आणि प्रवासाने खंगलेलाही असे. तो मुळातच अशक्त आहे की आठवडाभराच्या चाऱ्याने सावरेल, हे किनाऱ्यावर उभ्या गिऱ्हाइकाला कसे कळावे? आत पाहता येत नाही तेव्हा माणूस बाहेरच्या खुणा वाचू लागतो. दात, खूर, चाल, अंगावरचे भोवरे. देवमण शुभ, अमुक भोवरा अशुभ, अशी एक संपूर्ण विद्या उभी राहिली. तिच्यात अनुभव होता तशीच अंधश्रद्धाही होती. दोन्हींचे मूळ मात्र न दिसणाऱ्या दोषाच्या भीतीत होते.

९/
राज्यसत्तेने या भीतीवर दोन उपाय केले. १२९६ मध्ये देवगिरीवर स्वारी करणारा अलाउद्दीन खिलजी पुढे दिल्लीचा सुलतान झाला. त्याने घोड्यांच्या प्रती ठरवून भाव बांधले. झियाउद्दीन बरनीच्या नोंदीप्रमाणे पहिल्या प्रतीचा घोडा १०० ते १२० टंके, दुसऱ्या प्रतीचा ८० ते ९०, तिसऱ्या प्रतीचा ६५ ते ७०. घोड्यांच्या दलालांवर त्याने कठोर कारवाई केली.

दुसरा उपाय म्हणजे डाग आणि हुलिया. घोड्याला डाग द्यायचा आणि त्याचे वर्णन दप्तरात नोंदवायचे, म्हणजे तपासणीच्या दिवशी चांगला घोडा दाखवून एरवी मरतुकडा ठेवण्याची सोय उरत नाही. ही पद्धत पुढे मोगलांनीही चालवली. चेसिस नंबर आणि आरसी बुक यांचे हे जुने रूप मानायला हरकत नाही. घोडा बोलत नाही. त्याचे कागद बोलतात.

१०/
मराठी लष्करात घोड्याच्या मालकीवरून स्वाराचा दर्जाच ठरत असे. बारगिराला घोडा सरकारातून किंवा सरदाराकडून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीस येई. शिलेदाराचा घोडा पडला तर ती त्याच्या घरची हानी, कारण त्याची उपजीविका त्याच घोड्यावर चाले.

भाड्याची गाडी चालवणारा चालक आणि स्वतःची पिकअप चालवणारा मालक यांच्यातला फरक जवळपास तोच आहे. म्हणूनच शिलेदाराला घोडा विकत घेताना जी धास्ती वाटत असेल ती कर्ज काढून जुनी पिकअप घेणाऱ्याला अपरिचित नाही.

११/
घोडदळे गेली, पण जनावरांचे बाजार राहिले. श्रीगोंदा तालुक्यातील काष्टी, नगर तालुक्यातील वाळकी, नेवासा तालुक्यातील घोडेगाव आणि राहाता तालुक्यातील लोणी ही जिल्ह्यातील जनावरांच्या बाजारांची नामवंत ठिकाणे. बैल दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळलेला, हे तोंड उघडून पाहिले जाते. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवण्याची रीत याच बाजारांची.

या बाजारांनी स्वतःची एक परिभाषा घडवली. बैल ‘बिनखोडीचा’ आहे असे सांगून दिला तर ती नुसती स्तुती राहत नाही, ती बोली होते. बसका निघाला, मारका निघाला, तर घेणारा त्या बोलीवर बोट ठेवून परत येतो. नारदाचे पाच दिवस इथे तोंडी करारात जगत राहिले.

१२/
विक्रीची तयारीही या बाजारांत दोन प्रकारची दिसते. बैल धुणे, शिंगे तासणे, शिंगांना रंग देणे, खुरांना पत्री मारणे हा पहिला प्रकार. यात फसवणूक नाही. नीट निगा राखलेला बैल नीट दिसावा इतकाच हेतू. शिवाय पत्री मारलेला बैल घेणाऱ्याला घरी पोहोचताच जुंपता येतो.

दुसरा प्रकार वेगळा. बाजाराच्या आधी धार न काढता गाईची कास तुंबवायची, म्हणजे ती भरलेली आणि दुधाळ दिसते. इंग्लंडमध्ये घोड्यांचे व्यापारी म्हाताऱ्या घोड्याचे दात कोरून आणि डागून त्यांवर तरुणपणाच्या खोट्या खुणा उमटवत.

पहिल्या प्रकारात वस्तू सुधारते. दुसऱ्या प्रकारात वस्तू तशीच राहते आणि पाहणाऱ्याचा अंदाज बिघडतो. दुरुस्ती आणि झाकपाक यांतला भेद यापेक्षा सोप्या शब्दांत सांगणे कठीण आहे.

१३/
मग इंग्रजी कायदा आला आणि रेषा सरकली. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे सतरावे कलम फसवणुकीची व्याख्या करते. तिच्या उदाहरणांत मोटार नाही, घोडा आहे.

एक माणूस सदोष घोडा लिलावात विकतो. दोष त्याला ठाऊक आहे, पण तो गप्प राहतो. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे.

तोच घोडा त्याने नुकत्याच सज्ञान झालेल्या आपल्या मुलीला विकला तर? तिथे नात्यामुळे सांगण्याचे कर्तव्य येते.

आणि घेणाऱ्याने आधीच बजावले असेल की, तुम्ही नाकारले नाही तर मी घोडा निर्दोष समजेन. तरीही विकणारा गप्प राहिला तर? तिथे मौन हेच बोलणे ठरते.

१४/
म्हणजे नारदाने विकणाऱ्यावर टाकलेला भार या कायद्याने बव्हंशी घेणाऱ्याच्या खांद्यावर दिला. ‘गिऱ्हाइका, सावध राहा’ हे तत्त्व रूढ झाले. तरी दोन गोष्टी शिल्लक राहिल्या.

एक, नुसते मौन फसवणूक नसले तरी माहीत असलेली गोष्ट कृतीने लपवणे ही त्याच कलमाप्रमाणे फसवणूक आहे. मीटर मागे फिरवणे, तडकलेल्या चेसिसवर वेल्डिंग करून वर रंगाचा थर चढवणे, ही आजची उदाहरणे त्यातच मोडतील.

दोन, १९३० च्या मालविक्री कायद्याने त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्यावर दर्जाची जबाबदारी टाकली. मात्र घेणाऱ्याने माल तपासला असेल तर तपासणीत दिसायला हवे होते अशा दोषांबद्दल त्याला तक्रार करता येत नाही. भाषा बदलली, न्यायालये बदलली. तरी दिसणारे आणि न दिसणारे यांतली नारदाची रेषा पुन्हा उगवलीच.

१५/
बैलगाडीच्या जागी मोटार येण्याच्या इतिहासातही नगरचे नाव आहे. नगरचे वकील कुंदनमल फिरोदिया स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. त्यांचे पुत्र नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी सुरू केली. जर्मनीतील टेम्पो कंपनीच्या सहकार्याने तीनचाकी हॅन्सिट आणि पुढे १९६९ पासून मॅटाडोर रस्त्यावर आली.

त्या जर्मन कंपनीचे नाव मराठीत इतके मुरले की कोणत्याही कंपनीचे छोटे मालवाहू वाहन ‘टेम्पो’ झाले. पुढे कंपनीने २००५ मध्ये स्वतःच्या नावातून तो शब्द काढून ‘फोर्स मोटर्स’ हे नाव घेतले. मराठीने मात्र टेम्पो सोडला नाही. ‘पिकअप’ हा शब्द त्याच्याच शेजारी नंतर येऊन बसला.

१६/
परवाना-राजच्या काळात वाहनांचे उत्पादन मर्यादित होते आणि नोंदणीनंतर वर्षानुवर्षे थांबावे लागे. स्कूटरसारखे वाहन हाती असलेला माणूस ते जुने झाल्यावरही नव्याच्या अधिकृत किमतीपेक्षा जास्त भावाने विकू शके.

अशा बाजारात विकण्याआधी काय दुरुस्त करावे, हा प्रश्नच उद्भवत नाही. माल दुर्मिळ असतो तेव्हा दोष घेणारा मुकाट्याने स्वीकारतो. १९८६ मध्ये टाटा ४०७ आली, १९९१ नंतर बाजार खुला झाला, २००५ मध्ये टाटा एस, म्हणजे लोकांचा ‘छोटा हत्ती’, आला. नवी गाडी कर्जावर सहज मिळू लागली, तेव्हा जुन्या गाडीला प्रथमच स्वतःची लायकी सिद्ध करावी लागली.

१७/
यात नगरपुरता एक विरोधाभास आहे. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची वाहन संशोधन व विकास आस्थापना नगरलाच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२६ व्या नियमात नव्या वाहनांच्या नमुन्यांची चाचणी घेण्यास अधिकृत अशा ज्या संस्था सांगितल्या आहेत, त्यांत या आस्थापनेचे नाव येते.

म्हणजे देशातल्या नव्या वाहनाला ‘हे योग्य आहे’ असे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार असलेली संस्था या शहरात आहे. आणि त्याच शहराच्या वेशीवर जुनी पिकअप घेणारा माणूस बॉनेट उघडून, इंजिनाचा आवाज ऐकून, सायलेन्सरच्या धुराचा रंग पाहून नशीब अजमावतो. नव्या गाडीमागे प्रयोगशाळा उभी असते; जुन्या गाडीमागे फक्त विकणाऱ्याचा शब्द.

१८/
या नुसत्या शब्दाची किंमत काय, हे अर्थशास्त्रात मांडले गेले १९७० मध्ये. अमेरिकेचे जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजारावर एक छोटा निबंध लिहिला. अनेक नियतकालिकांनी तो नाकारला होता. त्याच कामासाठी २००१ मध्ये त्यांना नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

त्यांचा युक्तिवाद पिकअपवर असा मांडता येईल. समजा, चांगली गाडी पाच लाखांची आहे आणि भिकार गाडी तीन लाखांची. घेणाऱ्याला भेद कळत नाही, म्हणून तो मधले चार लाख देऊ करतो. चांगल्या गाडीचा मालक ‘परवडत नाही’ म्हणून घरी जातो. बाजारात भिकार गाड्यांचे प्रमाण वाढते, घेणारा आणखी खाली उतरतो. शेवटी खोट्या मालामुळे खऱ्या मालाचा बाजारच उठतो.

१९/
अकरलॉफ १९६७-६८ मध्ये दिल्लीत होते आणि या निबंधात भारतातली उदाहरणे येतात. त्यांतले एक आपल्या स्वयंपाकघरातले आहे : बाजारातून आणलेल्या तांदळात मुद्दाम मिसळलेले, त्याच रंगा-आकाराचे खडे गृहिणीला निवडावे लागतात. अप्रामाणिकपणाची किंमत फक्त फसणारा मोजत नाही. प्रत्येक घरात सूप घेऊन बसणारी बाई ती रोज मोजते.

विकणाऱ्यासाठी यातून एक कठोर निष्कर्ष निघतो. घेणारा दुरुस्तीचे पैसे देत नाही, तो खात्रीचे पैसे देतो. तुम्ही पन्नास हजारांचे इंजिनकाम केले आणि ते दाखवता आले नाही, तर घेणाऱ्याच्या लेखी ते झालेच नाही. आता हा सगळा इतिहास पिकअपसमोर उभा करून पाहू.

२०/
पहिला कप्पा : जे दुरुस्त केलेच पाहिजे. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे आणि चालण्यास धोकादायक झालेले टायर. हे घेणाऱ्याला पाच मिनिटांच्या चकरेत कळत नाही आणि कळते तेव्हा तो बहुधा माल भरून घाट उतरत असतो. हा नारदाचा लपलेला दोष. भावात किती भर पडते, हा इथे प्रश्नच नव्हे.

त्याचा व्यावहारिक लाभही आहे. मालवाहू वाहनाला योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे बोली भाषेत ‘पासिंग’, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी घ्यावे लागते. ताजे पासिंग हा पिकअपचा हुलिया आहे. विकणाऱ्याच्या शब्दाला तिथे तिऱ्हाइताची साक्ष मिळते.

२१/
दुसरा कप्पा : जे स्वस्तात नीट होते. जळालेला बल्ब, तुटलेला आरसा, न फिरणारा वायपर, न उघडणारे दार, फाटलेले सीट. शिवाय गाडी आतून-बाहेरून स्वच्छ धुणे. ही पत्री मारणे आणि शिंगे तासणे यांच्या जातीची कामे. प्रत्येक कामाला खर्च थोडा, पण सगळी तशीच राहिली तर घेणारा त्यांना खुणा म्हणून वाचतो. ज्याने बल्ब बदलला नाही त्याने वेळेवर ऑइल तरी बदलले असेल का, असा संशय त्याच्या मनात येतो. भोवरे पाहणाऱ्याच्या तर्कापेक्षा हा तर्क फार वेगळा नाही.

२२/
तिसरा कप्पा : जे दुरुस्त करू नये, सांगावे. हौद्याचे पोचे, खरचटलेला पत्रा, थकलेले पाटे, शेवटाला आलेली क्लच प्लेट, दहा वर्षे चाललेले इंजिन. मालवाहू गाडीचा हौदा पोचे घेण्यासाठीच असतो. ते मळलेले वस्त्र आहे, स्वतःच बोलते. विक्रीच्या तोंडावर केलेला संपूर्ण रंग तर उलटाच परिणाम करतो. नवा रंग दिसला की घेणारा रंगाखाली काय आहे ते शोधू लागतो.

क्लच किंवा इंजिन यांच्या बाबतीत ‘हे काम येणार आहे, मिस्त्रीचा अंदाज इतका आहे, तेवढे भावात कमी करतो’ असे सांगणे अधिक शहाणपणाचे. घेणारा ते काम आपल्या मिस्त्रीकडून करून घेईल आणि त्यावर त्याचा विश्वासही बसेल. आधी झालेल्या कामांच्या पावत्या मात्र जपून द्याव्यात. झालेली दुरुस्ती विकली जाते ती पावतीच्या रूपानेच.

२३/
चौथा कप्पा कागदांचा. बँकेचा बोजा फिटला असेल तर तो आरसीवरून उतरवून घेणे, कर, विमा, पीयूसी आणि थकलेली चलने पूर्ण करणे. कागदातला दोष हा सर्वांत खोल लपलेला दोष असतो. तो इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही.

इथे विकणाऱ्याचाही जीव अडकलेला आहे. मोटार वाहन कायद्याच्या पन्नासाव्या कलमानुसार राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यावर चौदा दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवणे हे विकणाऱ्याचे काम. घेणाऱ्याला तीस दिवस आहेत. एमएच १६ ची गाडी असेल तर नगर, एमएच १७ असेल तर श्रीरामपूर. नुसत्या इसारपावतीवर आणि सह्या केलेल्या कोऱ्या फॉर्मवर गाडी देऊन टाकणारा माणूस कायद्याच्या लेखी मालकच राहतो.

२४/
याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केला. त्या प्रकरणातील वाहन एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेले होते. नोंद मात्र पहिल्याच माणसाच्या नावावर होती. अपघाताच्या भरपाईचा प्रश्न आला तेव्हा न्यायालयाने नोंदणीकृत मालकालाच जबाबदार धरले. अपघातग्रस्ताने सौद्यांची साखळी शोधत फिरावे, हे न्यायालयाला मान्य नव्हते.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांनाही नोंदणी कार्यालयाकडून अधिकारपत्र घेण्याची तरतूद लागू झाली. मधल्या माणसाला उत्तरदायी धरण्याचा अलाउद्दीनच्या काळातला प्रयत्न सौम्य रूपात परत आला, असे म्हणता येईल.

२५/
कौटिल्याचा दंड, नारदाची मुदत, रोमचे फर्मान, घोड्याचा डाग, काष्टीच्या बाजारातली बोली, पासिंगचा कागद. या सगळ्या एकाच पोकळीवर टाकलेल्या फळ्या आहेत. ती पोकळी म्हणजे विकणाऱ्याला ठाऊक असलेले आणि घेणाऱ्याला न दिसणारे यांतले अंतर.

विकण्याआधी कोणतेही काम काढताना मालकाने एवढेच तपासावे की, या खर्चाने ते अंतर कमी होते की वाढते. ब्रेक नीट केल्याने कमी होते, पावती दिल्याने कमी होते, क्लचचे खरे सांगितल्याने तर एका वाक्यात कमी होते. गंजावर रंग चढवल्याने वाढते. १८७२ च्या कायद्याने घोडा विकणाऱ्याला गप्प बसण्याची मुभा दिली, परंतु मुलीला विकताना ती काढून घेतली. पिकअप घेऊन जाणाऱ्यालाही घरी कोणीतरी वाट पाहणारे असते, एवढे ध्यानात ठेवले तर यादी करणे फारसे अवघड जात नाही.

(धागा समाप्त)